टाचेला शॉकवेव्ह घेऊ का? आणि आईच्या गुडघ्याचं पण पॅकेज सांगताहेत

दुकानवाला_जळगाव

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, समजून घ्या. जळगावात कापडाचं दुकान आहे, वय ४४, सकाळी दहा ते रात्री नऊ काउंटरमागे उभा. मागच्या आखाजीला उजवी टाच दुखायला लागली ती अजून सोडत नाही, म्हणजे धरा अकरा महिने. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कोणी खिळा ठोकल्यासारखं होतं, भिंतीला धरून मोरीपर्यंत जातो, दहा मिनिटांत जरा मोकळं होतं आणि दुपारी जेवून उठलो की पुन्हा पहिले पाढे.

करायचं ते सगळं करून झालं. गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक घेतला, आत्याने बिब्ब्याचा चटका दिला त्याने कातडी तेवढी सोलली, सिलिकॉनची टाच घातली, गोळ्या झाल्या, डिसेंबरात हाडांच्या डॉक्टरांनी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन पण दिलं. इंजेक्शनने दीड महिना स्वर्ग, मग परत जमिनीवर. एक्सरेत टाचेचं हाड वाढलंय म्हणे.

आता एका सेंटरवाल्याने शॉकवेव्ह सांगितली. एका वेळेचे १५००, सहा वेळा घ्या, पैसे आधी. आईला सोबत नेलं होतं (वय ६९, दोन्ही गुडघे, वजन ८२ किलो, दीड वर्षापूर्वी नाशिकला हृदयाची प्लॅस्टी झालीय पण आता ठीक आहे), तर तिची चाल बघूनच म्हणाला की गुडघ्यातला गॅप पण याच मशीनने भरून येतो, आजींना दहा सिटिंग लागतील, दोघांचं मिळून घेतलं तर कमी करून देतो. आता भो, लग्नाच्या बस्त्यात मी स्वतः हेच बोलतो, एवढ्याचा शालू घेतला तर वर टॉवेल-टोपी माझ्याकडून, त्यामुळे तिथेच माझे कान टवकारले.

तर विचारायचं एवढंच की हे नक्की काय असतं, करंट देतात का, टाचेला खरंच गुण येतो का, आणि आईच्या गुडघ्याचं खरं की फेकाफेक. कोणी घेतली असेल तर सांगा.

शिरपूरकर_भो

करंट नाही भाऊ, नावावर जाऊ नका. मला माहीत असायचं कारण माझा मुतखडा याच्याच मोठ्या भावाने फोडलाय. आपल्याकडे ४५ डिग्रीत शेतात पाणी पिऊन कोण राहतो, घरटी एक मुतखडा. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की बाहेरून लाटा सोडून खडा फोडतात, चिरफाड नाही. दुखण्यासाठी वापरतात ते त्याचंच छोटं भावंड असं ऐकून आहे.

पण आमच्या एका दोस्ताने गुडघ्याला आठ वेळा घेतली, पैसे गेले, गुडघा जिथल्या तिथे. आमच्याकडचा एक म्हातारा म्हणतो ना, पाय दुखस ते दुखस, मंग खिसा बी दुखाले लागस. आधी पैसे मागतो तिथून मी तर उठून आलो असतो.

खापरवाली_अमळनेर

दादा, मी घेतलीय, टाचेला नाही, उजव्या कोपराला. मी मांडे करून देते, ऑर्डरवर. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, पुरण भरलेला उंडा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा, मनगटापासून कोपरापर्यंत येईपर्यंत, आणि चुलीवरच्या खापरावर अलगद टाकायचा. एका लग्नाच्या आदल्या दिवशी दीडशे. मागच्या वर्षी अशी वेळ आली की पाण्याचा तांब्या उचलला की कोपराच्या बाहेरच्या हाडापासून कळ निघायची, पिळलेलं फडकं हातात धरवेना. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. मी म्हटलं साहेब, टेनिस टीव्हीवर पण नाही बघत मी.

कसं देतात ते सांगते. खुर्चीत बसवलं, हात उशीवर, अंगठ्याने दाबत दाबत जिथे मी ओरडले तिथे पेनाने फुली मारली. मग सोनोग्राफीला लावतात तसलं जेल आणि वर पिस्तुलासारखं काहीतरी. आवाज टकटकटकटक, पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर सुरू असतो ना त्याच्याशेजारी बसल्यासारखं, आणि मशीनवर आकडा पळतो, २००० पर्यंत. पहिले दोन-तीनशे ठोके जीव जातो, नंतर जागा बोथट होते. पाच-सात मिनिटांत संपतं. घरी आल्यावर दोन दिवस जास्त दुखलं, थोडं लालसर झालं.

चार वेळा घेतली. खरं सांगायचं तर महिनाभर काहीच नाही, मी तर मशीनच्या नावाने बोटं मोडली. मग दुसरीकडे एक फिजिओ ताई भेटल्या, त्यांनी हातात पाण्याची अर्धा लिटरची बाटली देऊन मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम दिला, पुढे एक किलो, दोन किलो, आणि मांडे रोज नाही तर एकाआड एक दिवस घ्यायला लावले, उंडा मळायला पुतणीला बसवलं. साधारण तीन महिन्यांनी हात हलका झाला. आता तो मशीनने झाला की बाटलीने की पुतणीने, ते मला सांगता येणार नाही. जे आहे ते सांगितलं.

फिजिओ_धुळे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिकमध्ये हे मशीन रोज वापरतो, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे आधीच लिहून ठेवतो.

शिरपूरकरांनी बरोबर सांगितलं. ही गोष्ट मुतखड्यापासूनच सुरू झाली. डॉर्नियर ही जर्मनीतली विमानं बनवणारी कंपनी, त्यांच्या लाटांच्या अभ्यासातून खडा फोडायचं मशीन निघालं आणि १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं. पुढे हाडं आणि स्नायूबंधांसाठी कमी ताकदीची मशीन आली. अमेरिकेच्या एफडीएने टाचेच्या दुखण्यासाठी २००० साली मान्यता दिली. करंटचा यात संबंध नाही, आयएफटी आणि टेन्स म्हणजे पॅड चिकटवून करंटने मुंग्या आणतात ते वेगळं.

आता जे सेंटरवाले सांगत नाहीत ते. मशीन दोन जातीचं असतं. एक रेडियल, आपल्या भागात बहुतेक हेच. कॉम्प्रेसरच्या हवेने नळीत छोटीशी गोळी पळते, टोकाच्या धातूवर आदळते आणि तो ठोका कातडीतून आत जातो, म्हणून ताईंना पंक्चरवाला आठवला आणि खरं सांगू तर दाबही साधारण कारच्या टायरइतकाच, दोन-अडीच बार, पुढे वाढवतो. याचा जोर कातडीलगत सगळ्यात जास्त आणि आत जाताना पसरत कमी होत जातो. दुसरं फोकस्ड, त्यात लाट आत ठरलेल्या खोलीवर एकवटते, भिंगाने ऊन एकवटतं तशी. ते महाग, मोठ्या शहरात मिळतं. टाच, कोपर, घोट्यामागचा स्नायूबंध अशा वरवरच्या जागांना रेडियल चालतं. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तुमचं मशीन कुठलं.

दुकानवाले दादा, तुम्ही जे वर्णन केलंय, पहिल्या पावलाची कळ, चाललं की मोकळं, बसून उठलं की परत, ते प्लांटर फॅसायटिस वाटतं, म्हणजे टाचेपासून बोटांकडे तळपायात जो जाड पट्टा जातो त्याचं दुखणं. अकरा महिने झाल्यावर तिथे ताजी सूज कमी आणि झिजून गुंता झालेले धागे जास्त असतात, म्हणून सुजेच्या गोळ्यांनी तात्पुरतंच बरं वाटतं. शॉकवेव्हचे ठोके त्या जागेला पुन्हा कामाला लावतात असं समजा, दुखणं वाहून नेणारी नसांची टोकं थोडी बधिर होतात आणि भरून यायची थंडावलेली प्रक्रिया चाळवली जाते. सहा महिन्यांच्या वर रखडलेल्या टाचेला बऱ्याच लोकांना याने फायदा होतो, आणि अभ्यासातही टाचेची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. टेनिस एल्बोची तितकी नाही, कॉक्रेन म्हणून संस्था आहे, सगळे अभ्यास एकत्र करून तपासणारी, तिच्या २००५ च्या आढाव्यात फायदा जवळपास नाहीच असं निघालं होतं, म्हणून ताईंनी श्रेय पुतणीलाही दिलं ते मला आवडलं.

आणि ते वाढलेलं हाड. त्याची भीती काढून टाका. पंचेचाळिशीत कितीतरी लोकांच्या एक्सरेत ते दिसतं आणि त्यांना काही दुखत नसतं. शॉकवेव्हने ते हाड फुटत नाही, तसं सांगत असतील तर तिथेच ओळखा. मशीन लावून बरं झालेल्यांचं हाड नंतरच्या एक्सरेत तसंच असतं.

सहा वेळा लागतातच असं नाही. आम्ही आठवड्यातून एकदा असं तीन वेळा करतो, मग थांबून बघतो, गरज पडली तर चौथी-पाचवी. आणि निकाल लगेच बघायचा नाही, शेवटच्या वेळेनंतर दोन-तीन महिन्यांत कळतो. पैसे प्रत्येक वेळेचे द्यायचे. इंजेक्शन डिसेंबरात झालंय म्हणजे मध्ये सहा आठवड्यांच्या वर गेले, ते ठीक. मशीनच्या दिवसांत सुजेच्या गोळ्या शक्यतो नकोत, आम्ही तरी टाळायला सांगतो.

पण नुसतं मशीन म्हणजे अर्धं काम. व्यायाम असा: पायरीच्या काठावर उभं राहायचं, टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची म्हणजे बोटं वर वळतात आणि तो पट्टा ताणला जातो, मग दुखऱ्या पायावर टाच वर, तीन मोजत वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. एकाआड एक दिवस. आधी बारा-बारा वेळा तीनदा, दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर घेऊन त्यात पुस्तकं. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर वजन कमी करा. घरात स्टाइलच्या फरशीवर अनवाणी नको, पलंगाखालीच चप्पल ठेवा, पहिलं पाऊल चपलेत पडू द्या.

आईंचं मात्र थांबवा. गुडघ्यातला गॅप भरून येतो ही थाप आहे, झिजलेली गादी शॉकवेव्हने परत येत नाही. दुखणं काही दिवस कमी झाल्याचे अभ्यास आहेत पण त्यावर पॅकेज घ्यावं इतकं ते पक्कं नाही. आणि दादा, तुम्ही कंसात लिहून पुढे गेलात, प्लॅस्टी झालीय म्हणजे रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू असणार ना? त्यात ठोके दिले की काळंनिळं पडतं, रक्त साकळू शकतं. सेंटरवाल्याने गोळ्या विचारल्या का? नसतील विचारल्या तर तिथे परत जाऊ नका. आणि मशीन घ्यायचं म्हणून कोणी त्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर अजिबात ऐकू नका, ते फक्त हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

रिटायर्ड_गार्ड_भुसावळ

डॉक्टरसाहेबांनी छान लिहिलं. माझं खांद्याचं होतं. चौतीस वर्षं गार्डाच्या डब्यातून हात बाहेर काढून झेंडी दाखवली, रिटायर झालो आणि दोन वर्षांत उजवा खांदा गेला. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, शर्टाची बाही घालायला मिसेस लागायची. एक्सरेत खांद्याच्या स्नायूबंधात चुन्याचा खडा दिसला, कॅल्शियम म्हणतात ते. इथे एका ठिकाणी पाच वेळा मशीन घेतलं, उपयोग शून्य. मुलगा पुण्याला असतो, त्याने तिथे नेलं, तिथे ते फोकस्डवालं होतं, आधी सोनोग्राफी लावून खडा कुठे आहे ते बघितलं आणि बरोबर त्याच्यावर नेम. तीन वेळा, दर वेळी मध्ये बरेच दिवस. चार महिन्यांनी एक्सरे काढला तर खडा धूसर झालेला. हात आता वर जातो, पण कपाटावरची बॅग अजून मुलगाच काढतो.

म्हणजे एकच नाव आणि दोन मशीनं, हे मला आज इथे वाचून कळलं. तेव्हा मी पहिल्यावाल्याला उगीच शिव्या घातल्या की बरोबर घातल्या?

फिजिओ_धुळे

काका, थोड्या बरोबर :) खांद्यातला चुना हे फोकस्डचं सगळ्यात चांगलं काम, तिथे जास्त ताकद लागते आणि नेम लागतो. खडा फुटून पडत नाही, तिथल्या तिथे मऊ होऊन शरीर तो हळूहळू शोषून घेतं, म्हणून चार महिने. पण चुना नसताना नुसता खांदा दुखतो म्हणून शॉकवेव्ह घेणाऱ्यांना विशेष फायदा होत नाही. आणि शुगर असलेल्यांचा खांदा बऱ्याचदा आखडलेला असतो, फ्रोझन शोल्डर, त्याचा मार्ग वेगळा. हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नसेल तर आधी तो संशय घ्यायचा.

दुकानवाला_जळगाव

मंडळी, तुमचे उपकार. आईच्या गोळ्यांचं तर डोक्यातच नव्हतं, घरी जाऊन डबी बघितली, दोन गोळ्या रक्त पातळ ठेवायच्याच निघाल्या. सेंटरवाल्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दोन शंका. एक, मला शुगर आहे, बॉर्डरच्या थोडी वर, गोळी चालू, त्याने फरक पडतो का? दुसरं, रात्री कधीकधी तळपायाची आग होते, बोटांत मुंग्या, ती पण टाचेचीच का?

फिजिओ_धुळे

हे आधी सांगायला हवं होतं दादा. आग आणि मुंग्या प्लांटर फॅसायटिसच्या नाहीत. शुगरने पायाच्या नसा बिघडतात त्याच्या असू शकतात, किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला नस दाबली जाते त्याच्या. मशीनच्या आधी शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट आणि व्हिटॅमिन बी-१२ बघून घ्या, डॉक्टरांना पाय तपासायला सांगा, टाचणी बोचलेली कळते का वगैरे. पायाला नीट कळतच नसेल तर शॉकवेव्ह देताना तुम्ही कुठे दुखतं ते सांगू शकणार नाही आणि आम्ही त्यावरच तर चालतो.

आणखी एक करून बघा. टाचेला दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून लिंबू पिळल्यासारखं दाबा. खालून दाबल्यापेक्षा असं दाबल्यावर जास्त दुखलं तर हाडालाच बारीक तडा असू शकतो, मग आधी तपासणी, मशीन नाही. आणि दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडत असेल, विशेषतः तरुण पोरांची, तर ते संधिवाताच्या डॉक्टरांचं काम. हे तुमच्यासाठी नाही, कोणी वाचत असेल म्हणून लिहिलं. तसंच गरोदर बाईला, ज्या जागी गाठ किंवा इन्फेक्शन आहे तिथे, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांना हे द्यायचं नसतं.

खापरवाली_अमळनेर

दादा, आजींचं काय केलं मग? माझ्या सासूबाईंचं अगदी तसंच आहे म्हणून विचारते.

दुकानवाला_जळगाव

(दोन महिन्यांनी) उशीर झाला, मधे लग्नसराई होती, बस्त्यांनी दम काढला.

टेस्ट केल्या. शुगर मला वाटत होती त्यापेक्षा बरीच वर होती आणि बी-१२ तळाला गेलं होतं, शुगरची औषधं बदलली, बी-१२ चं सुरू झालं, तळपायाची आग कमी आहे. टाच दाबून बघितली, बाजूने नाही, खालूनच दुखत होती, डॉक्टरांनीही फॅसायटिसच सांगितलं. मग दुसऱ्या ठिकाणी शॉकवेव्ह घेतली, तीनच वेळा, दर वेळचे पैसे दर वेळी. पहिल्याच दिवशी विचारलं मशीन कुठलं, तो माणूस जरा चमकला पण मग नीट समजावून सांगितलं. ताईंनी लिहिलेला पंक्चरवाल्याचा आवाज डिट्टो. ठोके खाताना बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की हाताला वळ उमटले, टाच राहिली बाजूला.

व्यायाम दुकानाच्या मागच्या पायरीवर करतो, शटर उघडायच्या आधी. टॉवेल काय, आपल्या दुकानात गठ्ठा आहे. एक आठवडा चुकवला होता, सकाळी लगेच कळलं. आता पहिलं पाऊल टाकलं की जाणवतं पण भिंत धरावी लागत नाही. पूर्वी दहापैकी आठ होतं तर आता तीन म्हणा, लग्नाच्या दिवशी पाच.

आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले मांडीचे स्नायू धरले पाहिजेत आणि वजन उतरलं पाहिजे. तर ती आता खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, टीव्हीवर जाहिरात लागली की सुरू. सुरुवातीला चार व्हायच्या, आता दहा. वजन दोन किलो उतरलंय, पण श्रावणात कानबाईच्या सणाला रोट असतात त्यांचं काय ते आधीच सांगून ठेवलंय की त्या दिवशी मोजायचं नाही. साहेब, दहाच्या पुढे किती न्यायच्या?

फिजिओ_धुळे

दहाच राहू द्या, पण दिवसातून तीनदा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकाची नको. सहज जमायला लागल्या की आकडा वाढवू नका, खाली बसताना वेग कमी करा, चार मोजत बसायला सांगा. आणि रोट खाऊ द्या हो.